चष्म्याचा नंबर, आळशी डोळा, चाळिशी: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी एका तालुक्याच्या गावात चष्म्याच्या दुकानात गेली १४ वर्षं डोळे तपासतेय. डॉक्टर नाहीये, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणं, चष्मा बरोबर बसतोय का बघणं आणि काही वेगळं वाटलं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवणं हे माझं काम. रोज तेच तेच प्रश्न येतात आणि गर्दीत घाईघाईत उत्तर द्यावं लागतं त्याचं वाईट वाटतं, म्हणून इथे सावकाश लिहितेय.

मॅडम, नंबर म्हणजे नक्की काय असतं? मायनस २ म्हणजे डोळा किती टक्के गेला?

टक्के वगैरे काही नसतं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. समोरून आलेला उजेड बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि आतलं भिंग मिळून वाकवतात आणि तो बरोबर मागच्या पडद्यावर पडला की स्वच्छ दिसतं. यातलं दोन तृतीयांश काम पुढचा पडदाच करतो, भिंगाचं काम त्यामानाने कमी. आता डोळा जर जरासा जास्त लांब वाढला तर उजेड पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो आणि लांबचं धूसर दिसतं. जरासा म्हणजे किती, तर १ मिलिमीटर लांबी वाढली की जवळजवळ अडीच ते तीन नंबर लागतो! ज्वारीच्या दाण्याएवढाही फरक नाही हा.

आणि मायनस नंबर समजून घ्यायला सोपी रीत आहे, १०० ला नंबराने भागा. मायनस १ असेल तर चष्म्याशिवाय १०० सेंटीमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, मायनस २ असेल तर ५० सेंटीमीटरपर्यंत, मायनस ४ असेल तर २५ म्हणजे साधारण एका वितीवर, त्याच्यापुढचं सगळं पुसट. म्हणून मायनस ४ चं पोरगं पुस्तक नाकाला लावून मस्त वाचतं आणि घरचे म्हणतात याला सगळं दिसतंय की.

दहावीच्या पुस्तकात निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आहे, तुम्ही लांबचा नंबर जवळचा नंबर म्हणता, काहीजण लघुदृष्टी म्हणतात, नेमकं काय ते कळत नाही

हा गोंधळ शब्दांचा आहे. निकटदृष्टिता म्हणजे निकटचं दिसतं, लांबचं दिसत नाही, यालाच लघुदृष्टीपण म्हणतात, चष्मा मायनसचा, अंतर्गोल काच. दुकानात आपण याला "लांबचा नंबर" म्हणतो कारण चष्मा लांबचं बघायला लागतो, म्हणजे पुस्तकातला शब्द आणि दुकानातला शब्द बरोबर उलटे वाटतात. दूरदृष्टिता म्हणजे लांबचं दिसतं, जवळचं नीट दिसत नाही, डोळा आखूड, चष्मा प्लसचा, बहिर्गोल काच. यात मात्र लहान मुलं आतलं भिंग ताणून ताणून लांबचंही आणि जवळचंही बऱ्यापैकी ओढून नेतात, त्यामुळे तक्त्यावर सगळं वाचतात आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून रडतात. वृद्धदृष्टिता म्हणजे आपली चाळिशी, ती खाली वेगळी लिहिलीय.

घरातला चष्मा मायनस की प्लस हे बघायचं असेल तर तो हातात लांब धरून काचेतून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा आणि चष्मा हळूच उजवीकडे डावीकडे हलवा. आतलं चित्र चष्म्याबरोबरच त्याच बाजूला सरकलं तर मायनस, उलट्या बाजूला पळालं तर प्लस.

६/६, ६/१८ हे काय लिहिलेलं असतं?

पहिला आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर आहात, दुसरा म्हणजे ती ओळ चांगल्या नजरेच्या माणसाला किती मीटरवरून वाचता येते. ६/१८ म्हणजे दुसऱ्याला जे १८ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला ६ वर यावं लागतं. हा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली काढला, अजून तोच चालतो. पण एक लक्षात ठेवा, ६/६ म्हणजे डोळा निरोगी असं नाही, काचबिंदू असलेला माणूसही कितीतरी दिवस ६/६ वाचतो.

मुलाला कमी दिसतंय हे आपल्याला कसं कळणार? तो तर काहीच बोलत नाही

तो बोलणारच नाही. मला जे काही सांगायचंय ते मुख्य हेच आहे. आपल्याला आधी दिसत होतं आणि मग कमी झालं म्हणून आपण तक्रार करतो, पण ज्या पोराला पहिल्यापासून झाडाची पानं वेगवेगळी दिसलीच नाहीत, नुसता हिरवा गोळा दिसला, त्याला वाटतं झाड असंच असतं, सगळ्यांना असंच दिसतं. पहिल्यांदा चष्मा घालून दुकानाच्या दारात उभं राहिलेलं पोर समोरच्या चिंचेकडे बघत "आई, पानं दिसतायत" म्हणतं ना, हे मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी आईच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्याच्या आधीची दोन वर्षं ती त्याला अभ्यासात लक्ष नाही म्हणून ओरडत असते.

खुणा बघा: टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणं, डोळे बारीक करून बघणं, मान एका बाजूला तिरकी करून बघणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून उतरवणं, चेंडू झेलता न येणं, सारखे डोळे चोळणं, एक डोळा हाताने झाकून वाचणं, वाचताना ओळ चुकणं, उन्हात एकच डोळा मिटणं. यातलं एक जरी दिसलं तरी तपासा. आणि काही दिसलं नाही तरीही शाळेत घालायच्या आधी, तीन-साडेतीन वर्षांचं असताना एकदा तपासाच, अक्षरं येत नसली तरी चित्रांवर आणि मशीनवर तपासता येतं.

शाळेत तपासणी होते की, मग परत कशाला?

होते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला (तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं), त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, शून्य ते १८ वर्षांची सगळी मुलं त्यात येतात आणि कमी दिसणं हे त्यांच्या यादीत आहे. पण एका पथकाकडे शेकडो मुलं असतात. मी स्वतः शिबिरात पाहिलंय, पोरं रांगेत उभी असतात आणि पुढची दहा जण वाचताना ऐकून मागच्याला ओळ पाठ होते, मग तो डोळे मिटूनही म्हणून दाखवेल. दुसरं म्हणजे एक डोळा हाताने झाकायला सांगितलं की पोरं बोटांच्या फटीतून बघतात, मुद्दाम नाही, त्यांना ते कळतच नाही. म्हणून शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडू देऊ नका, लगेच जा, आणि चिठ्ठी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

एकाच डोळ्याला नंबर निघालाय, दुसरा चांगला आहे, मग चष्म्याची गरज आहे का? एका डोळ्यावर चालतंय की

नाही, लहान मूल असेल तर अजिबात नाही, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असला तर मूल अडखळतं, पडतं, कोणाच्या तरी लक्षात येतं. पण एक डोळा स्वच्छ आणि दुसऱ्याला प्लस ४, प्लस ५ असेल तर मूल चांगल्या डोळ्याने सगळं करतं आणि मेंदू दुसऱ्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र घ्यायचंच बंद करतो. बघणं डोळ्याने होत असलं तरी बघायला शिकतो मेंदूच, आणि ते शिक्षण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. त्या काळात जो डोळा वापरला गेला नाही तो नंतर चष्मा लावूनही ६/६ वाचत नाही. डोळा आतून बाहेरून अगदी चांगला असतो, तपासणीत काही दोष सापडत नाही, तरी दिसत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात, डोळ्याचा आळस यात काही नाही पण शब्द रुळलाय.

माझ्या सख्ख्या बहिणीचं असंच झालं. नववीत असताना पतंग उडवताना धूळ गेली म्हणून तिने एक डोळा चोळत झाकला आणि घाबरून ओरडली की मला काहीच दिसत नाहीये. धुळीने काही झालं नव्हतं. डोळा लहानपणापासूनच तसा होता, १४ वर्षं कोणालाच कळलं नाही, तिला स्वतःलापण नाही. चष्मा लावला, पट्टी बांधली, थोडं सुधारलं पण त्या डोळ्याने पुस्तक वाचणं तिला आजही जमत नाही. मी या कामात आले ती त्याच्यामुळेच.

घरी करता येईल असं एक करा, आज रात्रीच करा. मुलाचा एक डोळा तुम्ही स्वतः तुमच्या तळहाताने नीट झाका (त्याच्या हाताने नको) आणि समोर कॅलेंडर वाचायला लावा किंवा चित्र ओळखायला सांगा, मग दुसरा झाका. एका डोळ्यावर हात ठेवल्यावर मूल निवांत आणि दुसऱ्यावर ठेवल्यावर चिडतंय, हात ढकलतंय, मान वळवतंय असं झालं तर तपासायला न्या. अगदी तान्ह्या बाळातसुद्धा हे कळतं.

पट्टी किती दिवस? मुलगा काढून टाकतो हो

आधी चष्मा, पूर्ण वेळ. काही मुलांची नजर नुसत्या चष्म्यानेच कितीतरी सुधारते. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, कुणाला रोज २ तास पुरतात, कुणाला ६ लागतात, ते डॉक्टर ठरवतात, मनाने वाढवायचं नाही कारण फार झाकला तर चांगला डोळाच मागे पडू शकतो. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावू नका, वरून बघतात पोरं, थेट कातडीला चिकटणारी घ्या. आणि त्या वेळात त्याला आवडीचं बारीक काम द्या, रंगवणं, मणी ओवणं, शेंगदाणे निवडणं, अगदी मोबाइलवर गेमसुद्धा चालेल, नुसतं पट्टी बांधून झोपवलं तर उपयोग शून्य. फारच त्रास देत असेल तर चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचा थेंब घालून तो मुद्दाम धूसर करायचा असाही उपाय आहे, डॉक्टरांना विचारा. महिने लागतात, धीर सोडू नका. आठ वर्षं उलटली म्हणून दार बंद झालं असंही नाही, १२-१३ व्या वर्षीही काही मुलांना फरक पडतो, फक्त कमी पडतो, म्हणून उशीर झालाय असं वाटलं तरी विचारून बघाच.

तिरळेपणा भाग्याचा असतो म्हणतात

नसतो. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरही डोळा तिरळा दिसत असेल, कधीतरीच दिसत असेल तरीही, डॉक्टरांना दाखवा. काही वेळा प्लसचा चष्मा लावला की डोळा सरळ होतो, ऑपरेशन लागतच नाही. ठेवून दिलं तर वर लिहिलंय तसा डोळा आळशी होतो. आणि पोराला चकणा म्हणून हाका मारणाऱ्याला घरातच थांबवा, काका असो नाहीतर आजोबा.

सिलिंडर नंबर म्हणजे काय? सिलिंडर निघाला म्हणजे गंभीर आहे का?

गंभीर नाही, खूप जणांना असतो. पुढचा पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असावा, तो काहींचा अंड्यासारखा एका बाजूने जास्त वळलेला असतो, मग उभ्या रेघा वेगळ्या आणि आडव्या वेगळ्या दिसतात, अक्षरांना सावली येते, रात्री गाडीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. तुमच्या कागदावर एसपीएच (साधा मायनस-प्लस नंबर) च्या पुढे सीवायएल (सिलिंडर) आणि अॅक्सिस असे रकाने असतात, अॅक्सिस १ ते १८० मध्ये असतो आणि तो काच कोणत्या कोनात बसवायची ते सांगतो, त्यामुळे फ्रेम वाकडी झाली तर नंबर बरोबर असूनही त्रास होतो. नवा सिलिंडर लागला की पहिले आठ-दहा दिवस जमीन तिरकी वाटते, पायरी जवळ वाटते, जिना जपून उतरा, हळूहळू सवय होते.

फक्त एक आहे. १४-१५ वर्षांच्या मुलाचा सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढत असेल आणि तो डोळे खूप चोळत असेल तर नुसता चष्मा बदलत बसू नका, पुढचा पडदा पातळ होऊन कोन बनायला लागलेला असू शकतो, केराटोकोनस म्हणतात. त्याचा स्कॅन करून घ्या, वेळेत सापडला तर सीथ्रीआर नावाच्या उपचाराने तो थांबवता येतो.

चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून लावत नाही

हे रोज ऐकते. नंबर वाढतो कारण मूल वाढतंय आणि डोळाही लांबीला वाढतोय, चष्मा लावा नाहीतर कपाटात ठेवा, तो वाढायचा तेवढा वाढतोच. उलट मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन बघितला होता, २००२ मध्ये तो अभ्यास छापून आला, तर कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. म्हणून "मॅडम थोडा कमीच द्या" म्हणू नका.

वाढ थोडी कमी करायला काय करता येतं तर बाहेरचा उजेड. मोबाइल कमी करा सगळेच सांगतात, पण रोज दोन तास घराबाहेर दिवसाच्या उजेडात, हे कोणी सांगत नाही. सावलीत चालेल, अंगण चालेल, शेतावर चालेल. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं धोरण घेतलं आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण खाली यायला लागलं. आपल्याकडे सातला शाळा, दोनला घरी, तीनला क्लास, सातला होमवर्क, मूल उजेडात जातं कधी? याशिवाय अगदी सौम्य अॅट्रोपिनचे थेंब आणि खास बनवलेल्या काचा आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुकानातून विकत घेऊन घालायची गोष्ट नाही. आलेला नंबर मात्र यातल्या कशानेच उतरत नाही, गाजराने नाही, डोळ्यांच्या व्यायामाने नाही.

ब्लू कट काच घेऊ का?

मी सांगते तुम्हाला खरं, पैसे वाचवा. २०२३ मध्ये स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या या काचांवरच्या सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. स्क्रीनवर डोळे जळजळतात कारण आपण पापणी मिटायचंच विसरतो आणि डोळा कोरडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा आणि पापण्या मिटा. तेच पैसे मुलाच्या न फुटणाऱ्या पॉलीकार्बोनेट काचेवर घाला.

मुलीला चष्मा लावला तर पुढे लग्नाचं अवघड जाईल

हे विचारणाऱ्या आया वाईट नसतात, घाबरलेल्या असतात, हे मला माहितेय. पण विचार करा, सहावीतल्या मुलीला फळा दिसत नाही म्हणून गणित मागे पडतं, मग ती हुशार नाही असं ठरतं, मग शाळा सुटते, हे मी माझ्यासमोर बघितलंय. तिच्या भावाला मात्र त्याच घरात चष्मा लगेच मिळाला होता. शाळेत ढापणी म्हणून चिडवतात ते दोन आठवडे चालतं आणि थांबतं, शिक्षकांनी वर्गात एकदा सांगितलं तर दोन दिवसांत थांबतं. मुलीला तिच्या आवडीची फ्रेम निवडू द्या, रंग तिलाच ठरवू द्या, ती चष्मा घालते.

लासिक करून चष्मा घालवता येतो ना?

येतो, पण १८ वर्षं पूर्ण हवीत, निदान वर्षभर नंबर स्थिर हवा आणि पुढचा पडदा पुरेसा जाड हवा, तपासणीत नाही म्हणाले तर दुसरीकडे जाऊन हट्टाने करून घेऊ नका. लेसर पुढचा पडदा घासून आकार बदलतो, मागे लांब झालेला डोळा लांबच राहतो, त्यामुळे मायनस ८ वाल्याने चष्मा गेल्यावरही मागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करायची. चाळिशी त्यानेही टळत नाही. पोलिस भरती, रेल्वे, सैन्य यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतात, ऑपरेशनच्या आधी त्या त्या भरतीची जाहिरात नीट वाचा, नंतर वाचून रडलेली मुलं माहितीयेत मला.

चाळिशी सगळ्यांनाच लागते का? माझी नजर तर एकदम चांगली होती

सगळ्यांनाच. आपल्या भाषेत चष्म्यालाच वयाचं नाव आहे बघा. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळचं बघताना फुगतं, वय वाढेल तसं ते घट्ट होत जातं आणि चाळिशीच्या आसपास फुगायला नकार देतं. मग पेपर लांब धरला जातो, मग हात पुरत नाही. सुरुवात प्लस १ च्या आसपास होते आणि साठीपर्यंत अडीचपर्यंत जाऊन बहुतेक थांबते, म्हणजे तेवढ्या वर्षांत दोन-चार वेळा काच बदलणं आलंच, नजर बिघडली म्हणून घाबरू नका. ज्यांना मायनस २-३ आहे ते चष्मा काढून वाचतात, त्यांना वाटतं आपल्याला चाळिशी लागलीच नाही.

याबद्दल मला कळकळीने सांगायचंय ते बायकांसाठी. पुरुष दुकानात येतो आणि चष्मा घेऊन जातो. बाई सुईत दोरा नातवाकडून ओवून घेते, तांदळातला खडा दाताखाली आला की बोलणी खाते, ब्लाउज शिवायचं हळूहळू बंद करते आणि म्हणते आता वय झालं. वय ४३ असतं हो! आसाममध्ये चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना साधा जवळचा चष्मा देऊन बघितलं, २०१८ मध्ये ते छापून आलं, ज्यांना चष्मा दिला त्यांची खुडणी न दिलेल्यांपेक्षा साधारण २२ टक्के जास्त वाढली. शिवणकाम, निवडणं, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक मापाचं अक्षर, सगळ्याला हेच लागू होतं. बाजारातला तयार प्लसचा चष्मा चालतो का, तर दोन्ही डोळ्यांना सारखा नंबर असेल आणि सिलिंडर नसेल तर चालतो, पण आधी एकदा तपासून घ्या, कारण चाळिशीच्या निमित्ताने जी तपासणी होते तिच्यातच काचबिंदू सापडतो.

काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच ना?

नाही. मोतीबिंदूत आतलं भिंग गढूळ होतं, ऑपरेशन करून नवं बसवलं की परत दिसतं. काचबिंदूत डोळ्याची नस मरत जाते, बहुतेक वेळा आतल्या दाबामुळे, आणि गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी वाचवायची. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं शाबूत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला असेल तर चाळिशीनंतर दरवर्षी तपासा.

वडिलांना सत्तरीत चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागलाय, नजर सुधारली म्हणायची का?

आनंद होतो घरात, पण बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा मधला भाग घट्ट होतो, त्याची ताकद वाढते, डोळा मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं दिसतं आणि लांबचं बिघडतं. तपासून घ्या. आणि "पिकू दे मग काढू" हे आता विसरा. पूर्वी सगळं भिंगच बाहेर काढायचे आणि मग जाड काचांचा चष्मा लागायचा, त्या काळातली ती गोष्ट. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते लंडनला हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये, आता ते इथे तालुक्यालासुद्धा होतं. फार पिकवला तर भिंग दगडासारखं होतं, ऑपरेशन अवघड जातं आणि दाबही वाढू शकतो. रोजची कामं अडायला लागली की करून घ्या.

शुगर आहे, तीन महिन्यांत दोनदा नंबर बदलला

शुगर वरखाली झाली की भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबर हलतो. शुगर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करा, नाहीतर पैसे वाया. त्याहून महत्त्वाचं, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासायचा, चांगलं दिसत असतानाच, कारण पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गळायला लागल्या तरी सुरुवातीला काही कळत नाही.

मुलगा हिरव्याला तपकिरी म्हणतो, रंग पाठ करून घेऊ का?

पाठ करून घेऊ नका, त्याला तो रंग तुमच्यासारखा दिसतच नाही. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं बहुतेक जन्मापासून असतं, आईकडून मुलाकडे येतं, म्हणून मुलांत जास्त आणि मुलींत फार कमी. औषध नाही, वाढत नाही, नजर बाकी उत्तम असते. ठिपक्यांच्या तक्त्यांवर कळतं, जपानच्या इशिहारा यांनी ते १९१७ मध्ये केले. शिक्षकांना सांगून ठेवा म्हणजे नकाशात रंगांबरोबर नावंही लिहितील. पुढचं करिअर आधीच बघून ठेवा, रेल्वे इंजिन चालवण्यासारख्या कामात रंग ओळखणं लागतंच. पण दारं उघडतायत, जून २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगदोष असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळू शकतं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेला या कारणावरून विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारू नका असं सांगितलं. मला त्या निकालाचा फार आनंद झाला होता.

संध्याकाळ झाली की मुलीला दिसत नाही

लहान मुलात आधी अ जीवनसत्त्व बघायचं. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तो गोड डोस पाजतात, चुकवू नका, आणि शेवग्याचा पाला, पालक, पपई, आंबा, अंडं, दूध द्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला तर लगेच दवाखान्यात. डोस देऊनही फरक नसेल तर पडद्याचा जन्मजात आजार असू शकतो, तो मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या घरांत जास्त दिसतो, त्यामुळे एका मुलात सापडला की बाकी भावंडांचेही डोळे तपासायचे.

कशासाठी त्याच दिवशी धावायचं?

एकदम काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकारे दिसले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर, जास्त मायनसवाल्यांनी तर खास, कारण मागचा पडदा सुटत असू शकतो. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, उलटी होतेय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात तर. बाळाच्या फोटोत बाहुली लाल किंवा काळी न दिसता मांजरीसारखी पांढरी चमकली तर, तो डोळ्याचा कॅन्सर असू शकतो आणि लवकर सापडला तर जीव वाचतो. अपुऱ्या दिवसांचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, बारशाच्या गडबडीत हे राहून जातं.

चष्मा असलेल्याला नेत्रदान करता येतं का?

येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यालाही येतं. पुढचा पारदर्शक पडदा घेतात, नंबराशी त्याचा संबंध नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत तो काढावा लागतो, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, ते येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा.

तपासणीला येताना काय आणायचं?

मुलाला जेवू घालून, झोप झालेली असताना आणा. लहान मुलाचा नंबर नुसत्या कॉम्प्युटरवर काढून लगेच चष्मा करू नका, ड्रॉप टाकून तपासा, कारण मुलं मशीनमध्ये बघताना डोळा ताणतात आणि मायनस नंबर खोटा जास्त येतो. ड्रॉपनंतर जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं, ड्रॉप कोणता त्यावर काही तास ते काही दिवस, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी येऊ नका. मोठ्यांनी गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणीतरी असू द्या. आणि जुना चष्मा आणा, मोडका असला, काडी तुटलेली असली तरी आणा, काच शाबूत असेल तर त्यातला नंबर मोजता येतो.